जावानीज भाषेतील आदराचे थर आणि आजची तरुण पिढी

दूरदेशी

नोकरीनिमित्त इंडोनेशियातील योग्याकार्तात राहू लागल्यापासून येथील तरुण सहकाऱ्यांच्या बोलण्याकडे माझे लक्ष जात असते. आपापसांत ते जावानीजमध्ये गप्पा मारतात, एकमेकांची टर उडवतात, वादही घालतात. परंतु एखादे वयस्क गृहस्थ खोलीत आले की त्यांच्यापैकी बरेच जण इंडोनेशियनमध्ये बोलू लागतात. मातृभाषा येत नाही असे मुळीच नाही. ती वडीलधाऱ्यांशी जशी बोलायला हवी तशी आपल्याला जमणार नाही, ही धास्ती त्यामागे असते. या विषयावर येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना या भाषेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जावानीज ही जावा बेटाच्या मध्य आणि पूर्व भागातील सात-आठ कोटी लोकांची भाषा आहे. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यात सर्वनाम आणि क्रियापदाचे रूप बदलते, धातू तोच राहतो. जावानीजमध्ये मात्र रोजच्या वापरातील शेकडो शब्दांना समोरच्याचा मान पाहून निराळेच शब्द वापरावे लागतात. 'न्गोको' ही सलगीची पातळी, 'क्रोमो' ही अदबीची, आणि या दोहोंच्या मध्ये बाजारात व शेजारपाजारी चालणारी 'माद्यो'. 'जेवण झाले का?' हे मित्राला विचारायचे असेल तर 'कोवे विस मंगान?' एवढे पुरते. बेताच्या ओळखीच्या माणसाला 'सांपेयान सांपुन नेडो?' असे विचारतात, आणि ज्यांचा मान राखायचा त्यांना 'पांजेनेंगान सांपुन डाहार?' पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात एकही शब्द समान नाही.

येथवरचे कोणत्याही परिचयपर लेखात सापडेल. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वरील तिसऱ्या वाक्यात दोन वेगवेगळे आदर एकत्र आलेले आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याच्यासाठी भाषेची पातळी चढवणे, हा एक. ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या कृतीला, शरीराला, वस्तूंना मानाचा शब्द वापरणे, हा दुसरा. 'डाहार' हा शब्द दुसऱ्या प्रकारातला असून अशा शब्दांना 'क्रोमो इंगिल' म्हणतात. झोपण्यासाठी 'तुरु' ऐवजी 'सारे', जाण्यासाठी 'लुंगो' ऐवजी 'तिंदाक', घरासाठी 'ओमाह' ऐवजी 'दालेम' हे त्याच जातीचे. असे शब्द खालच्या पातळीच्या वाक्यातही बसतात. म्हणजे मुलगी वडिलांना 'बापाक विस डाहार?' असे विचारू शकते. यातील 'विस' न्गोकोतील आहे, पण खाण्याची क्रिया वडिलांची असल्यामुळे तिथे मानाचा शब्द आला. शालेय पुस्तकांत याला 'न्गोको आलुस' असे नाव आहे.

माझे निरीक्षण असे की तरुणांच्या बोलण्यातून पहिला आदर झपाट्याने निसटतो आहे आणि दुसरा टिकून आहे. 'या मुलांनी अदब सोडली' असे येथील ज्येष्ठ सरसकट म्हणतात, ते मला म्हणूनच पटत नाही. क्रोमोमध्ये सलग दहा वाक्ये बोलणे ज्यांना अशक्य आहे, तेही आजोबांच्या झोपण्याला 'तुरु' म्हणताना कचरतात.

शब्दवेडी

उत्तम विषय. एक प्राथमिक शंका आहे. मुले भाषा घरात शिकतात. मग घरात जावानीज बोलली जात असताना नेमका क्रोमोचाच भाग त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही?

दूरदेशी

शब्दवेडी, याचे कारण या पद्धतीच्या रचनेतच आहे. मोठ्याने लहानाशी न्गोकोत बोलायचे आणि लहानाने मोठ्याला क्रोमोत उत्तर द्यायचे, असा हा एकतर्फी व्यवहार असतो. म्हणजे ज्या भाषेत मुलाने बोलावे अशी अपेक्षा आहे, त्या भाषेत त्याच्याशी सहसा कोणीच बोलत नाही. ती त्याने आडून ऐकायची: आई आजीशी बोलते तेव्हा, वडील गावच्या प्रमुखाशी बोलतात तेव्हा, लग्नसमारंभात पाहुण्यांचे स्वागत होते तेव्हा. एकत्र कुटुंबात आणि लहान गावात अशा संधी दिवसभर मिळत. शहरातील दोन खोल्यांच्या घरात, जिथे आजी-आजोबा वर्षातून एकदा ईदच्या सुट्टीत भेटतात, तिथे मुलाच्या कानावर उरते ती आईवडिलांची आपसातील न्गोको. अनेक घरांत तीही नाही, कारण शाळेत मागे पडू नये म्हणून मुलांशी पहिल्यापासून इंडोनेशियनच बोलली जाते.

यावर जुन्या घरांत एक उपाय होता आणि काही ठिकाणी तो अजून दिसतो. आई तान्ह्या मुलाशी मुद्दाम मानाच्या शब्दांत बोलते, जणू ते मूल घरातील वडीलधारे आहे. मुलाने ते शब्द उचलावेत हा हेतू. मात्र यातून एक गंमत होते. 'डाहार' हा शब्द दुसऱ्याच्या खाण्यासाठी असतो, स्वतःच्या खाण्यासाठी तो कधीच वापरायचा नाही. आईकडून ऐकलेला शब्द मूल जसाच्या तसा स्वतःला लावते आणि 'कुलो सांपुन डाहार' म्हणून मोकळे होते. याचा सूर साधारण 'आम्ही भोजन केले आहे' असा लागतो. लहान मुलाने म्हटले तर घरचे हसतात. विशीतल्या तरुणाने सासुरवाडीत म्हटले तर त्याच्या संगोपनाविषयी शंका घेतली जाते. तिथे 'कुलो सांपुन नेडो' असेच हवे. ही एकच चूक इतकी प्रसिद्ध आहे की तिच्या भीतीने अनेक तरुण क्रोमोच्या वाटेलाच जात नाहीत.

औदुंबर

दूरदेशींनी वर्तमानाचे चित्र चांगले मांडले आहे. त्याला इतिहासाची जोड द्यावीशी वाटते, कारण 'तरुणांमुळे पातळ्या बिघडल्या' ही तक्रार वाटते तितकी नवी नाही.

प्राचीन जावानीजमध्ये एवढी तपशीलवार उतरंड दिसत नाही. तिची भरभराट सतराव्या शतकापासून मध्य जावातील माताराम राज्याच्या दरबाराभोवती झाली, आणि पुढे डच सत्तेने राजेरजवाड्यांची राजकीय शक्ती काढून घेतल्यावर दरबारी शिष्टाचार अधिकच बारीक होत गेला, असे अभ्यासक मानतात. सत्ता गेली की रिवाज घट्ट होतात, हे आपल्यालाही संस्थानांच्या इतिहासावरून परके नसावे. शेजारच्या सुंदानीज भाषेत अशाच पातळ्या आल्या त्या मातारामच्या वर्चस्वामुळे. दुसरीकडे योग्याकार्ताच्या राजवाड्यात 'बागोंगान' नावाची एक वेगळी बोली होती. दरबारी मंडळींनी राजवाड्याच्या आत आपसात बोलताना हुद्द्याचा भेद फारसा दाखवू नये, यासाठी ती होती. तिच्यात 'मी' आणि 'तुम्ही' यांसाठी 'मानिरो' आणि 'पाकेनिरो' असे वेगळे शब्द होते. उतरंडीच्या ऐन गाभ्यातच तिला मुरड घालणारी सोय असावी, ही मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत चतुर गोष्ट वाटते.

विरोधही जुनाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लोरा परिसरातील सामिन सुरोसेंतिको या शेतकऱ्याच्या अनुयायांनी सरकारी अधिकाऱ्यांशीही न्गोकोतच बोलायचे ठरवले आणि कर देण्यास नकार दिला. सामिनला १९०७ मध्ये जावाबाहेर हद्दपार करण्यात आले. त्यानंतर १९१७ मध्ये सुराबायात 'जावा दीपा' नावाची चळवळ उभी राहिली. सारेकात इस्लाम या तेव्हाच्या मुस्लिम राजकीय संघटनेशी निगडित असलेल्या या मंडळींची मागणी होती की क्रोमो रद्द करून सर्वांनी सर्वांशी न्गोकोत बोलावे, आणि पदव्यांऐवजी पुरुषांना 'विरो', विवाहित स्त्रियांना 'वोरो' व अविवाहितांना 'रोरो' एवढेच म्हणावे. चळवळ टिकली नाही. तिला हवी असलेली समानता वेगळ्याच मार्गाने आली. २८ ऑक्टोबर १९२८ च्या युवक-प्रतिज्ञेत मलयवर आधारलेली इंडोनेशियन ही ऐक्याची भाषा म्हणून स्वीकारली गेली. जावानीज लोक लोकसंख्येच्या साधारण ४० टक्के असूनही त्यांची भाषा राष्ट्रभाषा झाली नाही. इतर बेटांवरील लोकांना ती जड गेली असती हे तर खरेच, पण समोरच्याचा दर्जा ठरवल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नाही अशी भाषा नव्या प्रजासत्ताकाच्या कल्पनेत बसणेही अवघड होते.

तेव्हा वयस्क माणूस आला की इंडोनेशियनवर उडी मारणारा दूरदेशींचा सहकारी आपल्या पणजोबांच्या पिढीचाच प्रश्न सोडवतो आहे.

सागरवेळ

मी काही वर्षे पूर्व जावात, सुराबायाजवळ काढली आहेत. येथील चर्चा योग्याकार्ता आणि सुराकार्ता डोळ्यांसमोर ठेवून चालली आहे, म्हणून थोडी दिशा बदलतो. ही दोन राजधान्यांची शहरे. तेथील भाषा 'प्रमाण' मानली जाते आणि पाठ्यपुस्तके त्याच भाषेची असतात. सुराबायात मात्र 'सांपेयान', म्हणजे 'तुम्ही', हा शब्द वडीलधाऱ्यांसाठीही पुरेसा अदबीचा समजला जातो. तोच शब्द योग्याकार्तातील प्राध्यापकांना उद्देशून वापरला तर विद्यार्थी उद्धट ठरेल. माझ्या ओळखीची सुराबायाकडील मुले शिक्षणासाठी योग्याकार्ताला गेली की पहिल्या महिन्यात अशीच तोंडघशी पडतात आणि मग तेथे सुरक्षित पर्याय म्हणून इंडोनेशियन धरतात. म्हणजे इंडोनेशियनकडे वळण्याचे कारण प्रत्येक वेळी 'जावानीज कमी येते' हे नसते. 'माझी जावानीज इथे चालत नाही' हेही असते.

पश्चिमेकडील बान्युमासची गोष्ट आणखी निराळी. तेथील लोक 'मी' साठी 'इन्योंग' म्हणतात, त्यांची बोली दरबारापासून दूर वाढली, आणि 'आम्ही सरळ बोलतो' याचा त्यांना अभिमान आहे. राजधानीकडील लोक तिला गावंढळ म्हणत आले. अलीकडे मात्र तेथील तरुण याच बोलीत विनोदी चित्रफिती करतात आणि त्या सर्वत्र पाहिल्या जातात.

कोरा_कागद

मला दूरदेशींचा 'दोन आदर' हा सिद्धान्त थोडा सोयीचा वाटतो. मानाचे पाच-पंधरा शब्द टिकले म्हणून व्यवस्था टिकली असे कसे म्हणता येईल? सुपोमो पुजोसुदार्मो यांच्यासारख्या अभ्यासकांनी क्रोमोचे शब्द आठशेहून अधिक आणि क्रोमो इंगिलचे अडीचशेच्या आसपास मोजले आहेत. तुमच्या सहकाऱ्यांना त्यांतले किती येतात? खाणे, झोपणे, जाणे, येणे, बोलणे, घर, नाव, एवढेच ना? 'दाढी', 'उशी', 'आजारपण' यांचे मानाचे शब्द विचारून पाहा.

दूरदेशी

कोरा_कागद, आक्षेप योग्य आहे आणि शब्दसंख्येच्या बाबतीत मी पूर्णपणे माघार घेतो. साठा आटला आहे. परंतु नियमाचे काय? नियम असा आहे की मानाचा शब्द दुसऱ्याला लावायचा आणि स्वतःला कधीही नाही. तो नियम हे तरुण पाळतात, इतकेच नव्हे, तर तो मोडला की त्यांना स्वतःलाच खटकतो. 'देणे' या क्रियेकडे पाहा. वरिष्ठाने आपल्याला दिले तर 'मारिंगी', आपण वरिष्ठाला दिले तर 'न्याओसी'. हा दुसरा शब्द अनेकांना येत नाही. पण म्हणून ते आपल्या देण्याला 'मारिंगी' म्हणत नाहीत. ते वाक्यच फिरवतात किंवा तिथे इंडोनेशियन क्रियापद घालतात. शब्द गेला तरी त्याची जागा त्यांना माहीत आहे. व्यवस्था टिकली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु जे उरले आहे ते योगायोगाने उरलेले नाही, एवढे मी ठामपणे म्हणेन.

आणि लिखित संदेशांत तर याचे फार छान नमुने दिसतात. येथील विद्यार्थी प्राध्यापकांना व्हॉट्सॲपवर सुट्टी मागतो तेव्हा सुरुवात 'न्गापुंतेन, पाक' अशी करतो, म्हणजे क्रोमोत क्षमा मागतो. मग 'साया बेसोक इझिन तिदाक मासुक' हे कामाचे वाक्य सरळ इंडोनेशियनमध्ये येते. शेवटी पुन्हा 'मातुर नुवुन', म्हणजे धन्यवाद, क्रोमोत. प्राध्यापक जावानीज असतील तर उत्तरात नुसते 'न्गिह' येते, म्हणजे 'हो', आणि तेही क्रोमोतले. पूर्वीच्या पद्धतीत प्राध्यापकांना विद्यार्थ्याशी न्गोकोत बोलण्याचा अधिकार होता. आता तेही वरची पातळी वापरतात. म्हणजे वरून खालीही थोडा आदर वाहू लागला आहे, हे ज्येष्ठांच्या तक्रारीत कोठेच नोंदवले जात नाही.

तिसरी_घंटा

या चर्चेत स्त्रियांचा मुद्दा अजून आलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. जुन्या, विशेषतः 'प्रियायी' म्हणजे अधिकारीवर्गीय घरांत पत्नी पतीशी क्रोमोत बोलत असे आणि पती तिला न्गोकोत उत्तर देत असे. आपल्याकडील 'अहो' आणि 'अगं' यांची जोडी आठवावी, फक्त तिथे फरक हाकेपुरता नव्हता, साऱ्या संभाषणाचा होता. मुलांना क्रोमोचे वळण लावण्याची जबाबदारीही आईवरच असे आणि मुलगी नीट बोलली नाही तर दोष आईला लागे. सुसंस्कृत भाषा हा स्त्रीचा दागिना मानला गेला, पण तो तिने सासरच्या माणसांसाठी घालायचा होता.

मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी स्मिथ-हेफनर यांनी योग्याकार्तातील तरुणांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की औपचारिक जावानीजकडून इंडोनेशियनकडे वळण्यात सुशिक्षित तरुणी आघाडीवर आहेत. मला यात काहीच अनपेक्षित वाटत नाही. नवऱ्याशी बरोबरीने बोलायचे असेल तर न्गोको बाईच्या तोंडी उद्धट ठरते आणि क्रोमो तिला आपोआप खाली बसवते. इंडोनेशियनमध्ये ही अडचण नाही. तरुण मुले मात्र मित्रमंडळींत न्गोको जोमाने वापरतात, कारण त्यांच्या तोंडी ती मर्दानी आणि मोकळी वाटते. तेव्हा 'तरुण पिढी' असा एकच गठ्ठा करून बोलू नये, ही विनंती.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर क्रोमोच्या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्या लेखनात ही बाजू फार क्वचित येते, आणि ते लिहिणारे बहुधा असे असतात ज्यांच्याशी इतर लोक क्रोमोत बोलत होते.

औदुंबर

तिसरी_घंटा, शेवटचे वाक्य झोंबणारे आहे आणि बरोबरही आहे. त्याला एक छोटी पुरवणी. क्रोमो केवळ खालून वर जात नव्हती. दोन समान दर्जाचे अनोळखी लोक प्रथम भेटल्यावर एकमेकांशी क्रोमोतच बोलत, आणि ओळख वाढली की हळूहळू न्गोकोवर उतरत. हे दुहेरी, समान अंतर राखणारे काम आज तरुणांमध्ये पूर्णपणे इंडोनेशियनने उचलले आहे. जे काम जावानीजशिवाय भागत होते ते आधी गेले, असेही याकडे पाहता येईल.

शब्दवेडी

मग शाळांचे काय? तेथे ही भाषा शिकवली जात नाही का? आणि तरुण स्वेच्छेने क्रोमो बोलतात असे एकही ठिकाण उरलेले नाही का?

दूरदेशी

शाळांत शिकवतात. मध्य जावा, योग्याकार्ता आणि पूर्व जावा या तिन्ही प्रांतांत जावानीज हा स्थानिक विषय म्हणून आहे. मात्र शिकवण्याची पद्धत म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता: न्गोको, क्रोमो, क्रोमो इंगिल. मुले तो पाठ करतात, परीक्षेत 'झोपणे'चा मानाचा शब्द अचूक लिहितात आणि वर्गाबाहेर पडल्यावर तो कोणाशी वापरायचा हे त्यांना ठाऊक नसते, कारण शिक्षक स्वतः त्या तासाखेरीज त्यांच्याशी इंडोनेशियनमध्येच बोलतात. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत ठरावीक दिवशी जावानीज बोलण्याचे फतवेही निघतात. त्या दिवशी माणसे नेहमीपेक्षा कमी बोलतात, अशी येथे थट्टा चालते.

स्वेच्छेने म्हणाल तर पेसांत्रेन, म्हणजे पारंपरिक इस्लामी निवासी विद्यालये. तेथे अरबी ग्रंथाच्या प्रत्येक ओळीखाली जावानीज अर्थ तिरक्या, लोंबत्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत आजही चालू आहे. वाक्यातील कर्त्यासाठी 'उतावी', विधेयासाठी 'इकु' अशी ठरलेली खूण-शब्दांची मालिका विद्यार्थी तालावर म्हणतात. गुरूंशी, म्हणजे कियाईंशी, क्रोमोखेरीज बोलण्याची कल्पनाही तेथे कोणी करत नाही. महत्त्वाचे म्हणजे वरच्या वर्गातील मुले कियाईंशी कशी बोलतात हे नवा विद्यार्थी दिवसरात्र ऐकतो. मी आधी म्हटले तसे आडून ऐकण्याची जी संधी शहरी घरांत संपली, ती येथे शिल्लक आहे. अशा विद्यालयातून आलेला तरुण कार्यालयात चटकन ओळखू येतो; वयस्क पाहुणे आले की बाकीचे सहकारी त्यालाच पुढे करतात.

कोरा_कागद

पेसांत्रेनचा मुद्दा मान्य. मात्र त्याच वेळी लोकप्रिय गाणी सगळी न्गोकोतच आहेत, याकडेही पाहावे. २०२० मध्ये निधन झालेल्या दिदी केंपोत यांच्या विरहगीतांवर विशीतली मुले स्वतःला 'सोबात आंब्यार', म्हणजे भग्नहृदयी मित्र, म्हणवून घेत हजारोंनी गर्दी करत होती, आणि त्या गीतांची भाषा घरगुती जावानीज होती. जाकार्तात वाढलेल्या ज्या मुलांना एरवी जावानीज येत नाही, तीही या गाण्यांमुळे न्गोको गुणगुणू लागली. भाषा मरत नसून तिची फक्त अदबीची बाजू झडते आहे, असे मग म्हणावे लागेल. जावा दीपावाल्यांना हेच हवे होते.

सागरवेळ

कोरा_कागद, नेमके हेच हवे होते असे मला वाटत नाही. त्यांना न्गोको सर्वांसाठी हवी होती, कलेक्टर आणि शेतकरी यांच्यामध्येसुद्धा. आज न्गोको समवयस्कांपुरती उरली आहे. वर जाताना अजूनही भाषा बदलावीच लागते, फक्त क्रोमोच्या जागी इंडोनेशियन येते. शिवाय नात्यांची संबोधने जशीच्या तशी आहेत. सुराबायातील माझा एक तरुण शेजारी आपल्याहून वयाने लहान असलेल्या चुलतभावाला 'मास', म्हणजे दादा, म्हणत असे, कारण त्या भावाचे वडील याच्या वडिलांहून मोठे. बाकी सारे संभाषण अगदी टपरीवरच्या न्गोकोत चाले, पण ते 'मास' कधी सुटले नाही. आणि तो धाकटा भाऊही याच्यासमोर सिगारेट पेटवण्याआधी परवानगी मागत नसे. मागायची ती यानेच.